आकडे न दिलेले गणित

अकरावीच्या भौतिकशास्त्रात नदी ओलांडणाऱ्या होडीचे गणित असतेच असते. नदीची रुंदी, प्रवाहाचा वेग आणि होडीचा वेग दिलेला असतो. होडीचे तोंड किती अंशांत वळवले म्हणजे ती समोरच्या काठावर बरोबर पोचेल, एवढेच काढायचे. गोव्यातली मुले हे गणित सकाळी वर्गात सोडवतात आणि त्यांतली काही दुपारी फेरीबोटीने रायबंदरहून चोडणला, पणजीहून बेतीला घरी जातात. पाण्याला ओढ असली की बोटीचे तोंड समोरच्या धक्क्याकडे नसते. ते ओढीच्या उलट बाजूला वळलेले असते, आणि तरीही बोट नेमकी धक्क्याला लागते. वहीतले गणित आणि पायाखालची बोट एकच आहेत हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, कारण तसे पाहायची सवय आपण त्यांना लावलेली नाही. ही सवय लावणे हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाचे पहिले काम आहे आणि आपली परीक्षापद्धत त्याच कामाच्या आड येते, असे माझे ठाम मत आहे.

पुस्तकातल्या गणितात विचार करण्याजोगे जे काही असते, ते लेखकाने आधीच उरकलेले असते. प्रवाह सगळीकडे सारखा मानायचा, वारा सोडून द्यायचा, होडीचा वेग कायम धरायचा हे त्याने ठरवले, आकडेही त्यानेच निवडले आणि लागतील तेवढेच दिले. विद्यार्थ्याकडे उरते ते सूत्र ओळखणे. म्हणून वर्गात गणित फळ्यावर लिहून पुरे व्हायच्या आत प्रश्न येतो, "सर, फॉर्म्युला कुठला लावायचा?" मुले आळशी आहेत म्हणून हे होत नाही. दहावीपर्यंत आणि त्यापुढेही त्यांना ज्या कौशल्याबद्दल गुण मिळाले, तेच कौशल्य ती वापरत असतात.

हेच गणित आकड्यांविना दिले तर काय घडते ते पाहण्यासारखे आहे. मुलांना धक्क्यावर उभे करायचे आणि विचारायचे, आत्ता या घटकेला बोटीला तोंड किती वळवावे लागेल? पहिली काही मिनिटे सगळे गप्प असतात. मग कुणीतरी मोबाइलवरच्या नकाशावरून नदीची रुंदी काढते. बोटीचा वेग काढायला पाणी थांबलेले असताना पार जायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहता येईल, हे दुसऱ्या कुणाला सुचते. प्रवाहाच्या वेगापाशी मात्र गाडी अडते. धक्क्याच्या दोन खांबांमधले अंतर मोजायचे, पाण्यात तरंगणारे काहीतरी सोडायचे आणि त्याला एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जायला किती सेकंद लागतात ते बघायचे, इथवर मुले आपापसांत बोलून येतात. काय सोडायचे यावर एकदा वाद झाला. एकाने रिकामी प्लॅस्टिकची बाटली सुचवली. चोडणहून येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, बाटली वाऱ्याने जाईल. भिजलेले सोडण टाकूया." नारळाचे भिजलेले सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, जवळजवळ पाण्याखाली राहते, वाऱ्याला धरायला वर काही उरत नाही. त्या मुलीने त्या क्षणी जे केले, त्याला मी भौतिकशास्त्र म्हणतो. काय मोजायचे आहे, मोजताना दुसरे काय त्यात घुसेल आणि ते बाहेर कसे ठेवायचे, हे तिने एका वाक्यात सांगितले. तिच्या प्रगतिपुस्तकात या वाक्याला रकाना नाही.

पुढची शंका त्याहून महत्त्वाची होती. काठाजवळ मोजलेला वेग मधल्या पाण्याचा कसा धरायचा? फेरीबोटीवरच्या माणसाला विचारले तर तो म्हणाला, "काठाला काय बघता? मधे ओढ दुप्पट असते." दुप्पट हा त्याचा रोजच्या अनुभवाचा अंदाज. तो खरा धरला तर उत्तर किती बदलते आणि दीडपट धरला तर किती, हे मुलांनी दोन्ही करून पाहिले. शेवटी हाती आले ते 'पंधरा ते पंचवीस अंश' असे उत्तर. एका आकड्याची सवय असलेल्या मुलांना हे अपुरे वाटते. पण खऱ्या नदीचे खरे उत्तर असेच असते, आणि पंधरा व पंचवीस यांच्यातले अंतर कमी करायचे तर पुढच्या वेळी काय मोजायला हवे हे त्यांना आता नेमके ठाऊक असते. शिवाय पुस्तकातली नदी एकाच दिशेला वाहते. मांडवीत भरती-ओहोटीचा परिणाम सुमारे ५० किलोमीटर आत, गांज्यापर्यंत पोचतो, आणि दिवसाकाठी साधारण चार वेळा ओढीची दिशा पालटते. सकाळचे उत्तर दुपारी लागू पडत नाही, हे कळायला वर्गाबाहेर यावे लागते.

असे प्रश्न शोधायला गोव्यात लांब जावे लागत नाही. माझ्या मते सगळ्यांत श्रीमंत प्रश्न खाजनात आहेत. नदीकाठची ही सखल शेती खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेली असते आणि बांधात जागोजागी मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारे दार, असते. मानसीच्या लाकडी झडपा नदीच्या बाजूला उघडतात. भरतीला बाहेरचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने झडप मिटते, ओहोटीला बाहेरचे पाणी उतरले की आतले पाणी तिला ढकलून उघडते. कुणी दोर ओढावा लागत नाही, वीज लागत नाही. अकरावीच्या मुलाला द्रवाच्या दाबाचा धडा शिकवताना आपण काचेच्या नळीची आकृती काढतो. ती काढावीच. पण त्यानंतर त्याला विचारावे की एक मीटर रुंदीच्या झडपेबाहेर दीड मीटर आणि आत अर्धा मीटर पाणी असेल, तर पाणी तिला एकूण किती जोराने दाबून धरेल?

बहुतेक मुले पाण्याच्या पातळीतला एक मीटरचा फरक घेऊन त्याला झडपेच्या सगळ्या ओल्या भागाने गुणतात आणि साधारण १४,७०० न्यूटन उत्तर काढतात. हे चूक आहे आणि ही चूक बघण्यासारखी आहे. वरच्या भागात दाबाचा फरक शून्यापासून वाढत जातो, आतल्या पाण्याच्या पातळीखाली तो कायम राहतो. हे चित्र काढून दोन भागांत हिशेब केला की सुमारे ९,८०० न्यूटन येतात. म्हणजे एक टन वजनाएवढा जोर. खाऱ्या पाण्याची घनता धरली तर थोडा अधिक. माणसाने हाताने ती झडप उघडण्याचा विचारही करू नये हे आकडा सांगतो, आणि ती आपोआप चालणारी का केली असेल हेही.

पण मला खरे महत्त्वाचे वाटतात ते यापुढचे प्रश्न. पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर काय होते? झडप मिटलेली, आतले पाणी अडलेले. दहा हेक्टर खाजनावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार घनमीटर पाणी नुसते वरून आले. वरच्या डोंगरावरून येणारे वेगळे. डोंगरावर रान असताना त्यातले किती मुरत होते आणि तिथे काँक्रीट आले की किती खाली येईल? इथे मुले अंदाज बांधतात, भांडतात, कुणी आजोबांना विचारून येते, कुणी पावसाचे आकडे शोधून आणते. बांध फुटल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि दोष कुणाचा यावर बोलतो. ज्या पिढीला पुढे या बांधांविषयी, डोंगरकापणीविषयी, रस्त्यांविषयी ग्रामसभेत मत द्यायचे आहे, तिने हा हिशेब एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेला असावा, ही अपेक्षा जास्त नाही.

या चर्चा मी मुलांना मराठीत किंवा कोकणीत करू देतो. चौथीपर्यंत या भाषांत शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेल्या पेडणे-सत्तरी तालुक्यांतल्या मुलांना इंग्रजीत उत्तर पाठ करता येते, पण शंका इंग्रजीत येत नाही. आधी आपल्या भाषेत वाद घालून मग इंग्रजीत लिहिले तर लिहिणेही सुधारते.

सूत्रे येणे आणि समजणे यांत किती अंतर पडू शकते याचा सगळ्यांत बोलका दाखला हार्वर्डमधला आहे. तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची शिकवण्यात चांगली ख्याती होती. १९९० च्या सुमारास त्यांनी डेव्हिड हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली बलविषयक साध्या प्रश्नांची चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली. त्यात आकडेमोड नव्हती. जड ट्रक आणि लहान गाडी एकमेकांवर आदळली तर कुणाचे बल जास्त, अशा धर्तीचे प्रश्न होते. एका विद्यार्थिनीने विचारले, उत्तरे तुम्ही शिकवलेत तशी लिहायची की मी एरवी विचार करते तशी? अवघड गणिते सोडवणारी ही मुले साध्या प्रश्नांत अडखळली. माझूर यांनी त्यानंतर आपली शिकवण्याची पद्धत बदलली. वर्गात प्रश्न टाकून विद्यार्थ्यांना एकमेकांना पटवायला लावणे हा तिचा गाभा झाला. ट्रकच्या जागी आपण स्कूटर आणि खडीचा डंपर घेतला तर आपल्या वर्गांतही तेच दिसते. दोघांवरचे बल सारखे असते हे न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला पटलेले नसते. आणि मग स्कूटरवरचाच का दगावतो, हा पुढचा प्रश्न त्याला सुचतही नाही.

स्कूटरचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगतो. बारावी संपता संपता आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या हाती दुचाकी येते. गतीची समीकरणे त्याच दोन वर्षांत शिकवली जातात. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ च्या आसपास धरला आणि ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे मानले, तर ताशी ४० किलोमीटरने जाणारी दुचाकी थांबायला सुमारे २७ मीटर लागतात. ताशी ६० ला सुमारे ५२. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. हा एक सेकंद कुठून आणला? पडती पट्टी पकडून मुले आपला प्रतिसादकाळ मोजतात तेव्हा तो साधारण ०.२ सेकंद येतो. मग रस्त्यावर एक का धरायचा? वर्गात पट्टी पडणार हे ठाऊक असते, रस्त्यावर कुत्रे आडवे येणार हे ठाऊक नसते. हे उत्तर एका मुलाने दिले आणि सगळा वर्ग क्षणभर विचारात पडला. वाहतूक सप्ताहातल्या भाषणाने हे साधत नाही.

आता आपण प्रयोगशाळेत काय करतो ते पाहू. साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग सगळीकडे होतो. उत्तर ९.८ यायला हवे हे मुलाला आधीच माहीत असते, आणि जर्नल सही करून घ्यायचे असते. मग आलेले रीडिंग थोडे इकडे-तिकडे सरकवले जाते, किंवा गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवले जाते. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या वीस आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. घड्याळ सुरू-बंद करण्यात ०.२ सेकंदाची चूक होणे स्वाभाविक आहे, आणि तेवढ्याने उत्तरात एक टक्का, म्हणजे ०.१ चा फरक पडतो. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची ती दोऱ्याच्या टोकापर्यंत मोजली आणि गोळ्याची त्रिज्या एक सेंटिमीटर असली, तर उत्तर आणखी एक टक्का घटते. म्हणजे ९.६ आणणारा मुलगा प्रामाणिक असू शकतो आणि आपली चूक कुठे झाली हे शोधूही शकतो. आजच्या व्यवस्थेत ९.८ उतरवणाऱ्याला त्याच्याहून जास्त गुण मिळतात. सोळाव्या-सतराव्या वर्षी, विज्ञानाच्याच प्रयोगशाळेत, आपण मुलांना आकडे जुळवायला शिकवतो. मला याचे मनापासून दुःख होते.

ज्यांच्या नावाने पणजीत विचार महोत्सव भरतो, ते दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या कोसबेंत जन्मले. गणिती माणूस. तक्षशिलेला सापडलेल्या प्राचीन नाण्यांचा काळ आणि क्रम लावायचा प्रश्न त्यांनी हाती घेतला तेव्हा त्यांनी वजनाचा काटा घेतला. नाणे हातोहात फिरताना झिजते आणि हलके होते, तर वजनातल्या घटीवरून ते किती काळ फिरले याचा अंदाज बांधता येईल. पण झीज खरोखर किती आणि कशी होते? ते कळावे म्हणून त्यांनी स्वतःच्या काळातली चलनातली हजारो नाणी तोलली, मग प्राचीन नाण्यांकडे वळले. प्रश्नासोबत आकडे आले नव्हते. ते कुठे मिळतील हे आधी शोधावे लागले, आणि मिळालेल्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा हेही तपासावे लागले. कोसंबींच्या नावाचे महोत्सव भरवणाऱ्या राज्याने ही रीत शाळेत न्यायला हवी.

यावर शिक्षकमित्र जे आक्षेप घेतात ते खरे आहेत. पहिला वेळेचा. पोर्शन संपत नाही, पुढे प्रॅक्टिकल, मग बोर्ड. त्यात धक्क्यावर कधी जायचे? माझा आग्रह प्रत्येक धड्यामागे एका प्रश्नाचा नाही. एका सत्रात असे दोन प्रश्न पुरेत, आणि त्यांतला एक तरी वर्गात बसूनच सोडवता यावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जॉन स्वेलर आणि त्यांच्या मताच्या संशोधकांनी दाखवले आहे की नवख्या विद्यार्थ्याला मोकळा प्रश्न देऊन सोडून दिले तर त्याच्या डोक्यावर भार पडतो आणि तो फार थोडे शिकतो. सोडवलेली उदाहरणे त्याला जास्त उपयोगी पडतात. हे मला मान्य आहे. म्हणून मी पुस्तकातले होडीचे गणित आधी नीट शिकवतो, दोन-चार सोडवून घेतो आणि मग धक्क्यावर जातो. मुलांना सोडून देऊन शिक्षकाने खुर्चीत बसायचे, असे या पद्धतीत नाही. उलट फळ्यावर गणित उतरवण्यापेक्षा हे काम शिक्षकाला जास्त दमवते. कुठे गप्प राहायचे आणि कुठे एक प्रश्न पुढे सरकवायचा हे त्याला ठरवावे लागते, आणि आपल्यालाही उत्तर ठाऊक नाही हे वर्गासमोर मान्य करावे लागते.

तिसरा आक्षेप जेईई-नीटचा. पालक विचारतात, "सर, याने रँक वाढेल का?" त्या परीक्षांत आकडे दिलेले असतात, पुष्कळ प्रश्नांना चार पर्याय असतात आणि वेळ मोजका असतो. उत्तर कितीच्या घरात यावे हे आधी अंदाजाने सांगता येणाऱ्या मुलाला तिथेही फायदा होतो, एवढे मी खात्रीने म्हणेन. रँकचे आश्वासन देणार नाही. पण बारावी विज्ञानाला बसणाऱ्या सगळ्याच मुलांना त्या परीक्षा द्यायच्या नसतात. जो पुढे वीज खात्यात, मच्छीमारी ट्रॉलरवर, हॉटेलच्या देखभाल विभागात किंवा स्वतःच्या बागायतीत जाणार आहे, त्याचाही भौतिकशास्त्रावर तेवढाच हक्क आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये चिकित्सक विचार हा शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा येतो. सीबीएसईने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकेत क्षमताधारित, म्हणजे पाठांतराऐवजी ज्ञानाचा वापर तपासणाऱ्या, प्रश्नांचे प्रमाण ४० वरून ५० टक्क्यांवर नेले. पाऊल योग्य दिशेचे आहे, पण यांतले पुष्कळ प्रश्न परिच्छेद वाचा आणि पर्याय निवडा या साच्याचे निघतात. परिच्छेद धरणाचा असो की विमानाचा, लागणारे आकडे त्यातच असतात. होडीचेच गणित, फक्त कपडे बदलून आलेले.

परीक्षा बदलता येत नाही असे जे म्हणतात, त्यांनी होशंगाबादकडे पाहावे. मध्य प्रदेशातल्या त्या (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगांतून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला, पुढे तो शेकडो सरकारी शाळांत पोचला आणि २००२ मध्ये सरकारने बंद करेपर्यंत तीस वर्षे चालला. तिथे लेखी परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा होती. गावातले साधे शिक्षक ती घेत आणि तपासत. साधने स्वस्त होती, शाळा दूरदूर विखुरलेल्या होत्या. गोव्यात सगळ्या उच्च माध्यमिक विद्यालयांच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना एका दिवसासाठी पर्वरीला, शिक्षण मंडळाच्या कार्यालयात, बोलावणे अवघड नाही.

आपल्या शिक्षण मंडळाने सुरुवात प्रॅक्टिकलपासून करावी, कारण तिथे प्रश्नपत्रिकेचा साचा मोडावा लागत नाही. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ च्या किती जवळ आले याचे गुण काढून टाकावेत. त्या जागी तीन-चार गुण दोन प्रश्नांना द्यावेत: तुझ्या उत्तरात किती फरक असू शकतो आणि तो कुठून आला? परीक्षकाने मुलाची मूळ, खाडाखोड असलेली रीडिंगची पाने पाहावीत आणि खाडाखोडीचे गुण कापू नयेत. पुढच्या वर्षी लेखी परीक्षेत पाच गुणांचा एक प्रश्न असा ठेवावा की ज्यात आकडे नसतील. विद्यार्थ्याने काय गृहीत धरले, का धरले आणि आलेले उत्तर पटण्याजोगे आहे का, यांना गुण असावेत, अंतिम आकड्याला एक. दोन परीक्षक दोन वेगळे गुण देतील ही भीती रास्त आहे. त्यासाठी प्रत्यक्ष मुलांनी लिहिलेल्या दहा-बारा उत्तरपत्रिका सगळ्या परीक्षकांनी एकत्र बसून आधी तपासाव्यात आणि कुठे किती गुण हे तिथेच ठरवावे. वर्गात "सर, हे पेपरात येणार का?" असे मुलांनी विचारले, की होय म्हणायची सोय शिक्षकाला असायला हवी.